जि. कुलाबा, पिन ४०२१०७ : मोडलेल्या दुव्यांविषयी

आमच्या घरच्या जुन्या कागदांत एक पोस्टकार्ड आहे. पत्ता पेणचा. शेवटच्या ओळीत ‘जि. कुलाबा, पिन ४०२१०७’. पोस्टाचा शिक्का मात्र १९८४ सालचा. कुलाबा जिल्ह्याचे नाव १ जानेवारी १९८१ रोजी रायगड झाले. पण वडीलधारी माणसे त्यानंतरही कित्येक वर्षे सवयीने जुनेच नाव लिहीत राहिली. पत्र पोचले. ‘या नावाचा जिल्हा अस्तित्वात नाही’ असा शेरा मारून कोणी ते परत धाडले नाही. पिनची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी, म्हणजे नामांतराच्या आधीच सुरू झाली होती. त्या सहा अंकांत जिल्ह्याचे नाव गुंफलेले नसल्यामुळे नाव बदलले तरी पत्ता मोडला नाही.

या पोस्टकार्डाची आठवण झाली ती एका लघुप्रबंधामुळे. विद्यार्थिनी रोह्याची; विषय, पेण आणि रोहा या दोन तालुक्यांविषयी मराठीत झालेले स्थलवर्णनपर व आठवणीपर लेखन. अशा लेखनाची पुस्तके थोडी. बरेचसे लेखन आंतरजालावर विखुरलेले : कोणी कुंडलिकेच्या काठच्या बालपणाविषयी लिहिलेले, कोणी धावीर महाराजांच्या पालखीविषयी, कोणी पेणच्या गणपतींच्या कारखान्यांविषयी. तिने प्रत्येक लेखाचा पत्ता तळटिपेत दिला होता. परीक्षकांनी त्यांतले काही पत्ते उघडून पाहिले. पुष्कळ ठिकाणी एकच उत्तर आले : ‘४०४. पृष्ठ सापडले नाही.’ प्रबंधावर शेरा पडला, ‘संदर्भ पडताळता येत नाहीत.’

पुढे शोध घेतला तेव्हा कळले, की तिने ज्या संकेतस्थळाचा सर्वाधिक आधार घेतला होता त्याची मधल्या काळात पुनर्रचना झाली होती. नवी प्रणाली आली, विभागांची नावे बदलली, पत्त्यांतले साल आणि महिना काढून टाकण्यात आले. लेख बहुतेक सगळे जागेवर होते. फक्त ते ज्या दाराने गाठता येत ते दार बुजवले गेले होते. आणि दारावर पाटी होती ती अशी, की आत घरच नव्हते असे वाटावे.

परीक्षकांच्या शेऱ्यात न उच्चारलेली एक शंका होती आणि आजच्या काळात ती अनाठायी म्हणता येणार नाही. यंत्राकडून लिहून घेतलेल्या मजकुरात कधीच नसलेल्या लेखांचे संदर्भ असतात, हे आता सर्वांना ठाऊक आहे. २०२३ साली न्यूयॉर्कमधील एका न्यायालयात वकिलांनी असे यंत्ररचित, अस्तित्वात नसलेले निवाडे आधार म्हणून सादर केले आणि न्यायालयाने त्यांना ५,००० डॉलरचा दंड केला. खोट्या संदर्भाचा पत्ता उघडला तर ४०४ येते. खऱ्या, पण हलवलेल्या लेखाचा पत्ता उघडला तरी ४०४च येते. म्हणजे संकेतस्थळाने जुन्या पत्त्यांची वाट लावली की प्रामाणिक विद्यार्थी आणि लबाड विद्यार्थी यांत बाहेरून फरक करता येत नाही. पूर्वी मोडलेला दुवा ही गैरसोय होती. आता तो माणसाच्या सचोटीवर डाग लावू शकतो. म्हणून म्हणावेसे वाटते, की संकेतस्थळाची पुनर्रचना हे संपादनाचे काम आहे आणि जुन्या पत्त्यांची सोय लावल्याशिवाय ते पुरे झाले असे मानू नये.

* * *

‘सापडले नाही’ हे वाक्य आधी नीट वाचले पाहिजे, कारण आपण भाषेचे विद्यार्थी आहोत. आपल्याकडच्या नैयायिकांनी ‘नाही’चे चार प्रकार सांगितले आहेत. वस्तू अजून झालेलीच नाही, तो प्रागभाव : पेणच्या कारखान्यात शाडूच्या गोळ्यातून अजून न घडलेली मूर्ती. होती आणि नष्ट झाली, तो प्रध्वंसाभाव : विसर्जनानंतरची मूर्ती. त्या ठिकाणी ती कधी नव्हती आणि नसणार, तो अत्यंताभाव. आणि एक वस्तू म्हणजे दुसरी वस्तू नव्हे, तो अन्योन्याभाव : तुमच्या घरचा गणपती तो माझ्या घरचा नव्हे.

आंतरजालाची व्यवस्था आखणाऱ्यांनी हे भेद अगदीच विसरले नव्हते. सर्व्हर जे उत्तर देतो त्याला तीन अंकी क्रमांक असतो. ३०१ म्हणजे पृष्ठ कायमचे दुसरीकडे गेले, हा घ्या नवा पत्ता. ३०२ म्हणजे तात्पुरते दुसरीकडे आहे. ४१० म्हणजे होते, पण आता काढून टाकले आहे. ४०४ म्हणजे मला ठाऊक नाही. पुनर्रचना करणारा संपादक यांतले पहिले आणि तिसरे उत्तर देण्याचे कष्ट घेत नाही आणि सगळ्याच अभावांना ४०४च्या एका गोणीत भरतो. मग हलवलेला लेख, काढून टाकलेला लेख आणि पत्ता टंकताना झालेली चूक यांना एकच उत्तर मिळते. कित्येक ठिकाणी तर पाटीवर ‘हे पृष्ठ अस्तित्वात नाही’ असे ठणकावलेले असते. हे विधान खोटे आहे. पृष्ठ अस्तित्वात आहे. या पत्त्यावर नाही, एवढेच.

काही ठिकाणी आणखी एक युक्ती वापरतात. जुन्या कोणत्याही पत्त्यावर आलेल्या वाचकाला सरसकट मुखपृष्ठावर नेऊन सोडतात आणि सर्व्हर वर ‘२००, सगळे ठीक’ असे उत्तर देतो. इथे अन्योन्याभावाचाच विसर पडलेला असतो. मुखपृष्ठ म्हणजे तो लेख नव्हे. ठरवलेली मूर्ती न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला हात धरून कारखान्याच्या फाटकात आणून उभे करावे आणि ‘या, स्वागत आहे’ म्हणावे, तसा हा प्रकार आहे. मला तर ४०४ यापेक्षा प्रामाणिक वाटते. ते निदान अपयश कबूल करते; हे अपयश झाकते.

* * *

कोशवाङ्मयाशी संबंध आलेल्या वाचकाला या सगळ्यात नवे काही वाटू नये. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली सिद्ध होऊ लागलेल्या मराठी विश्वकोशात ‘पहा’ हा छोटा शब्द किती काम करतो ते आठवावे. वाचक एका नावाने शोधत येईल आणि आपण नोंद दुसऱ्या नावाखाली लिहिली आहे, हे संपादकाला आधीच दिसते. म्हणून तो वाचकाच्या शब्दापुढे थांबतो, ‘पहा’ लिहितो आणि त्याला योग्य पानाकडे धाडतो. ३०१ म्हणजे तेच ‘पहा’. फरक इतकाच, की छापील कोशात पान वाचकाला उलटावे लागते, इथे यंत्र उलटते. संदर्भ देताना परस्परसंदर्भ तपासणे हा संपादनाचा अविभाज्य भाग आहे हे छापील कोशात कोणी नाकारले नसते. संकेतस्थळ म्हटले की तेच काम एकाएकी ‘तांत्रिक’ कसे ठरते?

ग्रंथालयांची शिस्तही हेच सांगते. दाखल नोंदवहीतले एखादे पुस्तक बाद झाले तरी त्याचा दाखल क्रमांक पुसला जात नाही आणि दुसऱ्या पुस्तकाला दिला जात नाही. त्या ओळीपुढे बाद केल्याचा शेरा राहतो. पुस्तक गेले तरी ते होते ही गोष्ट टिकते. ४१०चा अर्थ हाच.

आणि नामांतराचा अनुभव तर या भूभागाला भरपूर आहे. विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातल्या गागोदे गावी झाला; पांडुरंगशास्त्री आठवले यांचा १९ ऑक्टोबर १९२० रोजी रोह्याला. जुन्या चरित्रांत या दोघांचे जन्मस्थान कुलाबा जिल्ह्यात असते, नव्या लेखांत रायगड जिल्ह्यात. दोन्ही विधाने बरोबर आहेत. पण १९८१ची गोष्ट सांगणारा ‘पहा’ मध्ये नसेल तर नवख्या वाचकाला ती परस्परविरोधी वाटतील. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा १८८३ सालचा अकरावा खंड कुलाबा आणि जंजिरा यांविषयी आहे. महाराष्ट्र राज्याने काढलेली सुधारित आवृत्ती १९६४ची, तीही कुलाबा याच नावाची. ‘रायगड जिल्ह्याचे गॅझेटिअर’ म्हणून शोधणाऱ्याच्या हाती ही दोन्ही पुस्तके सहज लागत नाहीत. मात्र ‘खंड ११, १८८३, पृष्ठ अमुक’ असा दिलेला संदर्भ आज एकशे चाळीस वर्षांनंतरही अभंग आहे. त्याच गॅझेटिअरचा मजकूर शासनाने आंतरजालावर आणला हे मोठे काम झाले, परंतु त्याचे जालावरचे पत्ते या वीसेक वर्षांतच बदलत आले आहेत. जिल्ह्यांची अधिकृत संकेतस्थळेही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘निक’ पत्त्यांवरून ‘गव्ह’ पत्त्यांवर गेली. बदल सकारण असतील. पण मधल्या काळात लिहिलेल्या लेखांच्या तळटिपा जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहिल्या.

* * *

‘एवढे काय, शोधयंत्रात नाव घातले की लेख सापडतो’ असे यावर हमखास ऐकू येते. इंग्रजी लेखांच्या बाबतीत ते काही अंशी खरे असेल. पेणच्या बाबतीत करून पाहावे. रोमन लिपीत पेण लिहिले की दौती-टाकांचा बाजार समोर येतो. कुलाबा लिहिले की मुंबईचे दक्षिण टोक. आणि मराठी जालाच्या पहिल्या दहा वर्षांतले कितीतरी लेखन युनिकोडपूर्व टंकांत आहे. त्या टंकांत पडद्यावर ‘र’ दिसला तरी आत साठवलेले असते एखादे रोमन अक्षर. शोधयंत्राला तो लेख म्हणजे निरर्थक अक्षरांची रास. असा लेख शोधून सापडत नाही. तो फक्त दुव्यावरून गाठता येतो. दुवा तुटला, की लेख सर्व्हरवर असूनही नाहीसा होतो.

युनिकोडमध्ये आल्यावर दुसरी अडचण उभी राहिली. देवनागरी शीर्षक पत्त्यात घातले, की प्रत्येक देवनागरी चिन्हाची यंत्राच्या लिपीत नऊ अक्षरे होतात. ‘पेण’ची सत्तावीस, ‘रोहा’ची छत्तीस. पूर्ण शीर्षकाचा पत्ता चार-पाच ओळी भरतो, छापताना कुठेतरी तुटतो आणि एक अक्षर गळाले तरी निकामी होतो. म्हणजे मराठी संदर्भ मुळातच अधिक नाजूक. त्यावर पुनर्रचनेचा घाव.

याला अपवाद म्हणावे असे एक उदाहरण आहे. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पाने हजारो जुनी मराठी पुस्तके प्रतिमारूपात जालावर आणली होती. कित्येक प्रबंधांत त्या पुस्तकांचे क्रमांक संदर्भ म्हणून दिलेले आहेत. पुढे ती संकेतस्थळे बंद झाली. पण त्यांपैकी अनेक पुस्तकांच्या प्रती तोवर ‘इंटरनेट आर्काइव्ह’मध्ये दाखल झाल्या होत्या, आणि दाखल करणाऱ्यांनी तिथल्या नव्या ओळखक्रमांकात जुन्या स्थळाचे नाव गुंफून ठेवले. घर पडले, तरी नव्या घराच्या पाटीवर जुन्या घराचे नाव राहिले. त्या धाग्यावरून आजही पुष्कळ पुस्तके शोधता येतात. हे काम करायला पैसा फारसा लागला नसेल. मागून कोणीतरी शोधत येईल एवढे भान मात्र लागले.

मोठ्या, संपन्न संस्थांनाही हे भान नसते, हा दिलासा मानावा की काय कळत नाही. हार्वर्डच्या विधिविद्यालयातील संशोधकांनी २०१४ साली दाखवले, की ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’सारख्या नियतकालिकांत दिलेल्या दुव्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांतले ५० टक्के दुवे मूळ मजकुरापर्यंत नेत नव्हते. प्यू संशोधन केंद्राच्या २०२४च्या पाहणीनुसार २०१३ साली असलेल्या पृष्ठांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती.

* * *

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे. सगळेच का जपावे? जालावरचे लेखन हे संभाषणासारखे आहे, ते विरून जाणे स्वाभाविक आहे, असे काही लेखक म्हणतात. शिवाय विशीत लिहिलेली कविता चाळिशीत मागे घेण्याचा हक्क कवीला असलाच पाहिजे. हे मला मान्य आहे. पण मागे घेणे आणि हरवणे यांत फरक आहे. लेखकाने मागे घेतलेल्या लेखाच्या जागी ‘लेखकाच्या इच्छेनुसार हा लेख काढला आहे’ एवढी ओळ ठेवली, तर लेखकाचा हक्कही राहतो आणि ज्याने त्या लेखाचा हवाला दिला त्याची पतही राहते. निष्काळजीपणाला अनित्यतेचे तत्त्वज्ञान जोडणे मात्र सोयीचे आहे, खरे नाही. विसर्जन विधिपूर्वक होते. मूर्ती उकिरड्यावर सापडली तर त्याला कोणी विसर्जन म्हणत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. छोट्या मराठी संकेतस्थळांमागे दोन-चार हौशी माणसे असतात; कामावरून आल्यावर रात्री जागून ती सगळे सांभाळतात. त्यांच्याकडून किती अपेक्षा करावी? म्हणून जे सांगायचे ते त्यांना झेपेल असेच सांगतो. पुनर्रचनेआधी जुन्या सर्व पत्त्यांची एक यादी काढून ठेवावी. नव्या पत्त्यांची रचना ठरली, की प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर त्याचा नवा पत्ता लिहावा. पत्त्यांत नियम असेल तर यातले बरेचसे काम एका सूत्राने होते. उरलेल्या थोड्यांसाठी हाताने बसावे लागते. त्या यादीवरून ३०१ची सोय लावावी आणि ती काढून टाकण्याची घाई करू नये. गूगल किमान एक वर्ष ती ठेवायला सांगते. पण प्रबंध आणि पुस्तके वर्षभरात मरत नाहीत, म्हणून शक्य तितकी वर्षे ती राहू द्यावी. क्षेत्रनाम बदलले असेल तर जुन्या नावाचे भाडे भरत राहावे. सोडून दिलेले नाव उद्या जुगाराची जाहिरात करणारा विकत घेतो आणि आपल्या लेखांचे सगळे दुवे त्याच्या दारात जातात. मग जुनी यादी हातात घेऊन पत्ते उघडून पाहावेत, आणि पहिले काही महिने सर्व्हरच्या नोंदींत कोणत्या पत्त्यांना ४०४ मिळते आहे ते तपासावे. वाचक कुठे अडखळतो ते त्या नोंदी सांगतात.

एवढे करूनही काही पत्ते सुटणारच. त्यांच्यासाठी त्रुटीचे पृष्ठ आहे, आणि ते पृष्ठ कोणीतरी लिहिले पाहिजे. सध्या ते बहुधा प्रणालीसोबत आलेल्या इंग्रजी वाक्याचे ओबडधोबड भाषांतर असते, नाहीतर त्यावर कसले तरी केविलवाणे व्यंगचित्र असते. त्याऐवजी साध्या मराठीत असे लिहिता येईल : ‘या पत्त्यावरचा मजकूर आमच्याकडे सापडत नाही. अमुक महिन्यात आम्ही संकेतस्थळाची रचना बदलली. त्यात तो दुसरीकडे गेला असण्याची शक्यता आहे. लेखकाच्या नावाने किंवा शीर्षकाने इथे शोधून पाहा. न मिळाल्यास आम्हांला कळवा.’ पाच वाक्ये. यात तारीख आहे, कारण आहे, वाट आहे आणि जबाबदारीचा स्वीकार आहे. परीक्षकाने हे पृष्ठ पाहिले असते तर त्याने विद्यार्थिनीवर शंका घेण्याआधी लेख शोधला असता.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ साली लिहिलेल्या एका टिपणात पत्ते बदलू नयेत असा आग्रह धरला आणि उद्या बदलेल असे काही पत्त्यात घालूच नये असे बजावले. विभागाचे नाव, प्रणालीचे नाव, संपादकाचे नाव, हे सगळे बदलते. पिनची खुबी हीच होती. २००० सालापासून संशोधनलेखांना मिळू लागलेला ‘डीओआय’ क्रमांकही याच तत्त्वावर चालतो : लेख कुठेही हलला तरी क्रमांक तोच, आणि क्रमांकामागचा पत्ता बदलून देण्याची जबाबदारी प्रकाशकाची.

विद्यार्थ्यांनीही आपले काम सोडू नये. फक्त पत्ता म्हणजे संदर्भ नव्हे. लेखकाचे नाव, शीर्षक, प्रकाशनाची तारीख आणि आपण पाहिल्याची तारीख द्यावी. आणि लेख वाचला त्याच दिवशी त्याची प्रत ‘वेबॅक मशीन’मध्ये जतन करून तो दुवाही टिपावा.

रोह्याविषयी एक गोष्ट या संदर्भात सारखी मनात येते. १९९३ साली रोहा ते वीर हा कोकण रेल्वेचा टप्पा सुरू झाला आणि रोहा हे दोन रेल्वेंच्या हद्दीवरचे स्थानक झाले. मध्य रेल्वे तिथे संपली, कोकण रेल्वेचे किलोमीटर तिथून मोजले जाऊ लागले. व्यवस्था बदलली, अधिकारी बदलले, मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू झाली. पण पेणला बसलेल्या प्रवाशाला रोह्याला उतरवून ‘पुढचा मार्ग सापडला नाही’ असे कोणी सांगितले नाही. रूळ जोडून घेणे हा हद्द आखण्याच्या कामाचाच भाग होता.

त्या विद्यार्थिनीने पुढे बहुतेक लेखांचे नवे पत्ते शोधून काढले आणि प्रत्येक तळटिपेत दोन ओळी केल्या : पूर्वीचा पत्ता, सध्याचा पत्ता. दोन लेख कुठेच मिळाले नाहीत. त्यांच्यापुढे तिने लिहिले, ‘वाचला होता, आता उपलब्ध नाही’, आणि वाचल्याची तारीख दिली. परीक्षकांनी ते मान्य केले. हे वाक्य खरे तर त्या संकेतस्थळाने लिहायला हवे होते.